गार झाल्यावर सुरू होणारी गाडी आणि कारणाचे अनुमान

कार्बोरेटरच्या जुन्या गाड्यांत उष्णतेमुळे होणारा इंधनाचा बिघाड हा जितका मोटारदुरुस्तीचा विषय आहे, तितकाच ज्ञानमीमांसेचाही आहे. हा बिघाड आपला पुरावा मागे ठेवत नाही. इंजिन तापलेले असते तोवर गाडी बंद असते. बोनेट उघडून हत्यारे काढेपर्यंत ते निवू लागते आणि निवले की गाडी काहीच झाले नसल्यासारखी चालते. जे तपासायचे तेच तपासणीच्या वेळात नाहीसे होते. मग ‘कारण कळले’ असे म्हणायचे ते कशाच्या जोरावर? न दिसलेल्या कारणाचे खात्रीचे ज्ञान होऊ शकते का, आणि होत असेल तर कोणत्या अटींवर, हा न्यायदर्शनाने शतकानुशतके लावून धरलेला प्रश्न. तापलेल्या इंजिनासमोर तो फार नेमकेपणाने उभा राहतो.

नेहमीचा प्रसंग असा असतो. मे महिन्यातली दुपार, खोपोली मागे टाकून बोरघाटाच्या चढणीला लागलेली १०८९ सीसीची प्रीमियर पद्मिनी. आत चार माणसे, डिकीत सामान, पुढे ट्रकची रांग, आणि गाडी दुसऱ्या गिअरवर रेंगाळत चाललेली. आधी ओढ कमी होते, मग इंजिन मिसिंग करू लागते, अ‍ॅक्सिलरेटर दाबावा तर आणखी गुदमरते आणि बंद पडते. सेल्फ मारला की इंजिन फिरते, पण पकडत नाही. चालक बाटलीतल्या पाण्याने फडका भिजवतो आणि इंजिनाच्या कुशीला बसवलेल्या फ्युएल पंपावर गुंडाळतो. फडक्यातून वाफ उठते, थोड्याच वेळात त्याच्या कडा कोरड्या पडतात, तो पुन्हा पाणी ओततो. वीस-पंचवीस मिनिटांनी सेल्फ मारल्यावर गाडी दोनदा खोकते आणि सुरू होते. खंडाळ्याला पोचल्यावर एक जण कॉइल गेल्याचे सांगतो, दुसरा पंप बदलायला सांगतो, तिसरा म्हणतो, पाइपाने एअर धरली. तिन्ही मते अनुभवी माणसांची आहेत आणि तिन्ही गाडी सुरू झाल्यानंतरची आहेत.

त्यांतले कोणते खरे हे ठरवण्याआधी पेट्रोलचे काय होते ते पाहायला हवे. पेट्रोल हा एक पदार्थ नव्हे. हलक्या-जड हायड्रोकार्बनांचे ते मिश्रण आहे. पाण्यासारखा त्याला एकच उत्कलनबिंदू नसतो. त्यातले हलके घटक ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळू लागतात आणि सर्वांत जड घटक २०० अंशांच्या घरात जातात. नुसते पेंटेन घेतले तर ते ३६ अंशांना उकळते, म्हणजे उन्हाळ्यातल्या नागपूरच्या सावलीतसुद्धा. पेट्रोल द्रवरूपात टिकून राहते ते मिश्रणामुळे आणि वरच्या दाबामुळे. दाब कमी झाला की ते लवकर उकळते. जुन्या गाडीतला यांत्रिक पंप इंजिनाच्या ब्लॉकवर बसवलेला असतो आणि कॅमशाफ्टवर चालतो. टाकी असते मागे. पंपाला पेट्रोल तिथून ओढून आणावे लागते, आणि ओढणे म्हणजे पाइपातला दाब वातावरणाच्या दाबापेक्षा खाली आणणे. म्हणजे जिथे पाइप इंजिनाजवळ येऊन सर्वांत जास्त तापतो, तिथेच आतला दाब सर्वांत कमी असतो. तिथे पेट्रोलची वाफ होते. द्रवाच्या मानाने ती सुमारे दोनशेपट जागा घेते. पंपाचा पडदा वरखाली होत राहतो, पण वाफ दाबली की आकसते आणि सोडली की फुगते, पेट्रोल काही पुढे सरकत नाही. यालाच व्हेपर लॉक म्हणतात.

दुसरा बिघाड याच्या जवळचा असला तरी वेगळा आहे. गाडी घाट चढून आली, लोक चहाला उतरले, इंजिन बंद केले. बंद करताच पंखा थांबतो, पाण्याचे फिरणे थांबते, आणि ब्लॉकमध्ये साठलेली उष्णता वर कार्बोरेटरकडे चढते. पहिल्या दहा-वीस मिनिटांत कार्बोरेटर चालत्या गाडीपेक्षा जास्त तापतो. अ‍ॅम्बेसेडरच्या १४८९ सीसीच्या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही मॅनिफोल्ड एकाच बाजूला असल्यामुळे कार्बोरेटर एक्झॉस्टच्या शेजारीच येतो. फ्लोट चेंबरमधले पेट्रोल उकळते, बुडबुड्यांबरोबर मुख्य नोझलमधून वर येते आणि मॅनिफोल्डमध्ये सांडते. आता इंजिनाला पेट्रोल कमी पडत नसते, ते जास्त झालेले असते. प्लग ओले होतात, पेट्रोलचा वास येतो, आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून सेल्फ मारला, म्हणजे जादा पेट्रोल हवेने वाहून गेले, की गाडी धूर सोडत सुरू होते. एअर क्लीनर काढून टॉर्चच्या उजेडात कार्बोरेटरच्या तोंडात पाहिले तर बंद इंजिनातही नोझलच्या टोकाशी थेंब जमतो, लोंबतो आणि खालच्या थ्रॉटलच्या चकतीवर पडतो. थोड्या वेळाने पुढचा थेंब. इथे कारण डोळ्यांना दिसते. व्हेपर लॉकमध्ये ते कधीच दिसत नाही, धातूच्या पाइपात कोणी पाहू शकत नाही.

गॅरेजात या दोन्हींना बहुधा ‘एअर लॉक’ हा एकच शब्द वापरला जातो. शब्द सोयीचा आहे, पण त्याने शोधाची दिशा बदलते. पाइपात एअर आहे म्हटले की ती आत कुठून आली याचा शोध सुरू होतो. क्लिपा आवळल्या जातात, रबरी नळी बदलली जाते, पंपाचे पॅकिंग नवे बसते. वाफ बाहेरून आत येत नाही, ती आतल्याच पेट्रोलची बनते. चिरलेल्या नळीतून खरोखर हवा ओढली जात असेल तर लक्षणे जवळजवळ तशीच दिसतात, म्हणून दोन नावांची गरज जास्तच आहे.

प्रत्यक्ष चालत नाही तिथे अनुमान लागते. गौतमाच्या न्यायसूत्रांत अनुमानाचे पूर्ववत्, शेषवत् आणि सामान्यतोदृष्ट असे तीन प्रकार सांगितले आहेत. वात्स्यायनाने आपल्या भाष्यात शेषवताचे दोन अर्थ दिले. एक, कार्यावरून कारणाकडे जाणे, जसे नदीला आलेल्या पुरावरून वर कुठे तरी पाऊस पडला असे समजणे. दुसरा, शक्यता एकेक करून बाद करत उरेल ते स्वीकारणे. बंद पडलेल्या गाडीचे निदान या दोन्ही अर्थांनी शेषवत् असते.

या अनुमानावर सूत्रांतच एक रोकडा आक्षेप घेतला आहे. नदी फुगते ती खाली कुठे पाणी अडले तरीही फुगते. मग पुरावरून पावसाचे अनुमान कसे करायचे? याचे जे उत्तर दिले आहे ते निदानशास्त्राचा पाया मानायला हरकत नाही. बांधामुळे चढलेले पाणी आणि पावसाने आलेला पूर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या एकच समजणे हा पाहणाऱ्याचा दोष आहे, अनुमानाचा नव्हे. पावसाच्या पुराला वेग असतो, फेस असतो, त्यातून पाने, फळे, लाकडे वाहत येतात. म्हणजे चूक हेतू, म्हणजे ज्या खुणेवरून अनुमान करायचे ती खूण, ढोबळ घेण्यात होते. ‘गाडी तापल्यावर बंद पडते आणि गार झाल्यावर सुरू होते’ हा असाच ढोबळ हेतू आहे. व्हेपर लॉकमध्ये हे घडते. इग्निशन कॉइलच्या आतले वेष्टन तापून तुटत असेल तरी घडते. कंडेन्सर उष्णतेने दगा देत असेल तरी घडते. टाकीच्या झाकणाचे हवेचे भोक बुजले असेल तर उष्णतेचा संबंध नसतानाही घडते. पेट्रोल उपसले जाते तशी टाकीत पोकळी होते, पुरवठा थांबतो, आणि गाडी उभी असताना हवा हळूहळू आत शिरली की तो पुन्हा चालू होतो. टाकीतला गाळ पाइपाच्या तोंडाशी ओढला जाऊन इंजिन बंद झाल्यावर खाली बसतो, तेव्हाही हेच. जो हेतू साध्य, म्हणजे सिद्ध करायची गोष्ट, असताना सापडतो आणि नसतानाही सापडतो, त्याला नैयायिक सव्यभिचार म्हणतात. खंडाळ्यातल्या तिन्ही मतांचा आधार हाच एक सव्यभिचार हेतू होता, म्हणून तिघांना तीन कारणे सापडली.

मग इथली पाने, फळे, लाकडे कोणती? गाडी बंद कशी पडली हे पहिले. पेट्रोल तुटत गेले तर ओढ कमी होणे, झटके, पुन्हा थोडा जोर, मग बंद, असा क्रम दिसतो. कॉइल गेली तर बहुतेक वेळा बटण बंद केल्यासारखे इंजिन तुटते. पण हा भेद नेहमीचा असला तरी अटळ नाही. कंडेन्सर बिघडताना इंजिन मिसिंगही करते. टाकीचे झाकण उघडताना सुस्कारा ऐकू आला, हवा आत ओढली गेली, तर भोकाची शंका बळावते. गाडी कुठे आणि कधी बंद पडते हेही पाहायला हवे. चढणीवर, मंद गतीत, दुपारी, टाकी निम्म्याखाली असताना वारंवार घडणारा बिघाड आणि सपाट रस्त्यावर सकाळी घडणारा बिघाड एक नसतो. उंचीचाही थोडा हात असतो. महाबळेश्वरची उंची सुमारे १३७० मीटर आहे. तिथे वातावरणाचा दाब समुद्रसपाटीपेक्षा साधारण १५ टक्क्यांनी कमी असतो, आणि त्यामुळे पेट्रोल थोडे लवकर उकळते.

यापुढे जायचे तर गाडी बंद असताना, म्हणजे ती निवायच्या आत, दोन गोष्टी पाहाव्या लागतात. स्पार्क आहे का, आणि पेट्रोल आहे का. यांतली दुसरी तपासणी वाटते तितकी सोपी नाही, आणि तिथे अभावाच्या ज्ञानाचा जुना वाद उपयोगी पडतो. ‘इथे घडा नाही’ हे कसे कळते? भाट्ट मीमांसकांनी त्यासाठी अनुपलब्धी हे वेगळे प्रमाण मानले, नैयायिकांनी ते प्रत्यक्षातच बसवले. पण एका मुद्द्यावर दोघांचे जुळते. न दिसणे हा नसण्याचा पुरावा तेव्हाच ठरतो, जेव्हा वस्तू असती तर ती दिसलीच असती. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही म्हणून तो नाही असे होत नाही. काचेच्या फिल्टरमध्ये पेट्रोल अर्धेच दिसते, सबब पेट्रोल येत नाही, हा निष्कर्ष अंधाऱ्या खोलीतला आहे. उत्तम चालणाऱ्या गाडीतही फिल्टर अर्धा रिकामा दिसू शकतो. एअर क्लीनर काढून, इग्निशन बंद ठेवून, अ‍ॅक्सिलरेटरची दांडी हाताने झटकन ओढली तर अ‍ॅक्सिलरेटर पंप असलेल्या कार्बोरेटरमध्ये बारीक जेटमधून पेट्रोलची धार उडायला हवी. हा पंप ठीक असेल आणि फ्लोट चेंबरमध्ये पेट्रोल असेल तर ती उडतेच. ती उडाली नाही तर पेट्रोल नाही असे म्हणता येते, कारण असते तर दिसले असते. धार उडाली, तरी इंजिन पकडत नाही, आणि प्लग काढल्यावर ओला निघाला, तर व्हेपर लॉकची कल्पना सोडून स्पार्ककडे किंवा उकळून सांडलेल्या पेट्रोलकडे वळावे लागते. स्पार्क तपासताना ठिणगी कार्बोरेटरपासून दूर पडेल याची काळजी घ्यावी लागते. तापलेल्या इंजिनाभोवती पेट्रोलची वाफ असते आणि अशा तपासण्यांत गाड्या जळाल्या आहेत.

या सगळ्यात सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे उपाय. बंद गाडीजवळ थांबलेला माणूस काही ना काही करतो, आणि जे करतो त्यानंतर गाडी सुरू होते. अमेरिकेत जुन्या गाड्यांच्या पेट्रोलच्या पाइपाला कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे लावायची पद्धत आजही आहे. चिमटे लावले की व्हेपर लॉक होत नाही असे अनेक जण मनापासून सांगतात. आपल्याकडे ओला फडका. दोन्हींच्या मागे अनुभवाची मोठी रांग आहे, आणि अनुभव खोटे नाहीत. चिमटे लावले आणि गाडी सुरू झाली, हे शंभर वेळा घडले असेल. पण व्याप्ती, म्हणजे हेतू आणि साध्य यांचा न चुकणारा संबंध, मोजणीने सिद्ध होत नाही. व्याप्तीचा ग्रह केवळ पुनःपुन्हा पाहिल्याने होत नाही, हे नव्यन्यायाने, विशेषतः चौदाव्या शतकातल्या मिथिलेच्या गंगेशाने तत्त्वचिंतामणीत, फार काटेकोरपणे मांडले. तिथे उपाधी शोधावी लागते.

उपाधीचे शास्त्रातले नेहमीचे उदाहरण इंधनाचेच आहे, हा योगायोग सुखद आहे. ‘जिथे धूर तिथे आग’ हे खरे. ‘जिथे आग तिथे धूर’ हे मात्र खोटे. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग असते, धूर नसतो. तरीही चुलीपाशी, यज्ञकुंडात, वणव्यात आगीबरोबर धूर दिसत राहतो, कारण या सर्व ठिकाणी ओले इंधन असते. ओल्या इंधनाचा संयोग ही ती उपाधी. धूर असेल तिथे ती असतेच, पण आग असेल तिथे ती असेलच असे नाही. संबंध आगीचा आणि धुराचा भासतो, खरा तो ओल्या लाकडाचा आणि धुराचा असतो. चिमट्याच्या अनुमानात हीच जागा वेळेने घेतली आहे. चिमटे लावायला गाडी थांबवावी लागते, बोनेट उघडावे लागते, आणि तेवढ्यात उष्णता उडून जाते. गाडी जिथे जिथे पुन्हा सुरू झाली तिथे तिथे निवणे होते. चिमटे होते तिथे निवणे असलेच पाहिजे असे नाही. शिवाय लाकूड उष्णतेचे वाहक नाही, पाइपातली उष्णता ओढून बाहेर टाकणे त्याला जमणार नाही. नैयायिक कारणाची व्याख्या करताना कार्याच्या आधी नियमाने असणारे, पण अन्यथासिद्ध नसलेले, असे म्हणतात, आणि अन्यथासिद्धाचे उदाहरण म्हणून कुंभाराच्या गाढवाचे नाव घेतात. गाढवाने माती वाहून आणली असेल, ते अंगणात उभेही असेल, पण घडा त्याच्यामुळे झाला नाही. लाकडी चिमटे हे त्या गाढवाच्या रांगेतले.

ओल्या फडक्याचे तसे नाही, आणि म्हणून दोन्हींना एकाच मापाने अंधश्रद्धा म्हणणे चूक ठरेल. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २२५० किलोज्यूल उष्णता लागते आणि त्यातली बरीच पंपाच्या अंगातून घेतली जाते. पण फडका खरोखर काम करतो का हे ठरवायचे तर वेळेची उपाधी वेगळी काढावी लागते. एकदा फडका न ठेवता नुसते थांबून किती मिनिटांनी गाडी सुरू होते ते पाहायचे, पुढच्या वेळी तशाच उष्णतेत फडका ठेवून. पंचवीसऐवजी पाच मिनिटांत सुरू झाली तर फडका कारणांत मोजता येतो. त्याहून मोलाची गोष्ट अशी की याच कृतीतून निदानही होते. एका वेळी फक्त पंप आणि त्याचा पाइप निववायचा, कॉइलला हात लावायचा नाही. दुसऱ्या वेळी फक्त कॉइल, तिचे टर्मिनल कोरडे ठेवून, नुसत्या ओलसर कापडाने. ज्याला निववले की गाडी चालते आणि ज्याला निववले नाही की चालत नाही, तिथे अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही जुळतात. दोन्ही एकदम निववले तर गाडी सुरू होईल, पण काही कळणार नाही. घाटात अडकलेल्या माणसाला हा फरक महत्त्वाचा वाटत नाही आणि त्याचे बरोबर आहे. गाडी परत आल्यावर गॅरेजात मात्र तो वाटायला हवा.

पंप बदला म्हणणाऱ्या मताची तपासणी वेगळ्या अंगाने करावी लागते. त्याचा गृहीत विचार असा, की पेट्रोल येत नाही म्हणजे पंपाची ताकद गेली. हे मत दर्शनांतल्या एका प्रसिद्ध वादातल्या एका पक्षाशी जुळते. चंद्रकांत मणी जवळ ठेवला तर आग जाळत नाही असे मानले जाई. मीमांसकांनी यावरून असे म्हटले की आगीत दाहक शक्ती नावाचा वेगळा पदार्थ आहे, मणी जवळ आला की ती नष्ट होते, आणि मणी दूर केला की पुन्हा उपजते. नैयायिकांनी शक्ती नाकारली. आगीचे काहीच गेलेले नाही. दाह होण्यासाठी जी कारणसामग्री लागते त्यात आग आहे, लाकूड आहे, त्यांचा संयोग आहे, आणि प्रतिबंधकाचा अभाव हेही एक कारण आहे. मण्यामुळे तो अभाव नाहीसा झाला, एवढेच. मण्याची गोष्ट आज कोणी खरी मानणार नाही, पण वादातला विचार व्हेपर लॉकला तंतोतंत लागू पडतो. चौरस इंचाला तीन ते पाच पौंड दाब देणारा पंप घाटातही धडधाकट असतो. टाकीत पेट्रोल असते, पाइप मोकळा असतो, फ्लोट आणि नीडल ठीक असतात. गेलेले काहीच नसते, आलेले असते ते प्रतिबंधक, म्हणजे वाफ. मीमांसकाच्या वाटेने गेलेला कारागीर शक्ती गेलेला भाग शोधतो आणि नवा भाग बसवतो. नैयायिकाच्या वाटेने गेलेला प्रतिबंधक कशाने आला ते शोधतो. पाइप एक्झॉस्टला चिकटून गेला आहे का, कार्बोरेटरखालचे बेकेलाइटचे जाड पॅकिंग मागच्या दुरुस्तीत काढून टाकले का, उष्णता अडवणारा पत्रा हरवला का, रेडिएटर गाळाने भरला आहे का, टायमिंग मागे राहिल्यामुळे इंजिन नको इतके तापते का, मिश्रण पातळ झाले आहे का. या वादात नैयायिकांची बाजू सरस आहे असे मानायला इथे सबळ कारण मिळते. शक्ती मानली तर शोध एका भागापाशी थांबतो, प्रतिबंधकाभाव मानला तर तो सगळ्या सामग्रीवरून फिरतो.

आता प्रामाण्याचा प्रश्न. ज्ञान खरे आहे हे कळते कशावरून? मीमांसक ज्ञानाला स्वतःप्रमाण मानतात. बाधा येईपर्यंत ते खरेच. नैयायिक म्हणतात, प्रामाण्य परतः कळते, म्हणजे त्या ज्ञानावर विसंबून केलेली प्रवृत्ती सफल झाली की. पाणी दिसले, जवळ गेलो, तहान भागली, म्हणून ते मृगजळ नव्हते. उष्णतेचा बिघाड ही या सिद्धांताची कठीण परीक्षा आहे, कारण इथे चुकीची प्रवृत्तीसुद्धा सफल होते. पॉइंट घासले, गाडी सुरू झाली. कार्बोरेटर उघडून जेट फुंकले, गाडी सुरू झाली. प्रत्येक कृतीने स्वतःचा वेळ घेतला आणि त्या वेळात वाफ निवून पुन्हा पेट्रोल झाली. बाराव्या शतकातल्या श्रीहर्षाने खंडनखंडखाद्यात नैयायिकांची कोंडी करताना अशीच उदाहरणे दिली. मिटलेल्या मुठीत कवड्या किती, असे विचारल्यावर कोणी अंदाजाने पाच म्हणाला आणि पाचच निघाल्या. धुके पाहून कोणाला धूर वाटला, त्याने आग आहे म्हटले, आणि तिथे खरोखर आग निघाली. ज्ञान यथार्थ, पण ते ज्ञान म्हणायचे का? वैशेषिक आचार्य प्रशस्तपादांनीही धूर समजून पुढे केलेल्या बाष्पाला असिद्ध हेतूचे उदाहरण मानले होते. अर्धा फिल्टर पाहून ‘पेट्रोल येत नाही’ म्हणणारा योगायोगाने बरोबर ठरू शकतो. त्याला मुठीतल्या कवड्या मोजता आल्या असे होत नाही, आणि पुढच्या गाडीत त्याचा अंदाज चुकेल.

श्रीहर्षाचा आक्षेप गंभीर आहे, पण त्याने परतःप्रामाण्य मोडत नाही. त्यातून एवढेच निघते की सफल प्रवृत्ती कोणती धरायची याची अट घालावी लागते. थंड इंजिनावर गाडी सुरू होणे ही उष्णतेच्या बिघाडाबाबत प्रवृत्तीची सफलता नव्हेच. तहान नसलेल्या माणसाला मृगजळाने काही बिघडत नाही, तसे ते आहे. सफलता मोजायची ती त्याच उष्णतेत, त्याच चढणीवर, त्याच वेळी.

चार्वाक या ठिकाणी म्हणेल की त्याच अटी पुन्हा कधीच येत नाहीत. आजचे ऊन कालचे नव्हे, कुठली ना कुठली अदृश्य उपाधी राहतेच, सबब अनुमान हे प्रमाणच नव्हे. या शंकेचा आदर करायला हवा. ती नसती तर चिमट्यांचा प्रश्न विचारलाच गेला नसता. उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत तिला मर्यादा घातली ती अशी, की शंका जिथवर माणसाच्या स्वतःच्या कृतीशी विरोधात जात नाही तिथवरच चालते. धूर आणि आग यांच्या संबंधावर संशय घेणाराही धूर हवा असला की आगच पेटवतो. अनुमान नाकारणारा चालकसुद्धा घाटाच्या पायथ्याशी पाण्याची बाटली भरून घेतो.

शब्दप्रमाणाचा, म्हणजे जाणत्याच्या शब्दावर विसंबून होणाऱ्या ज्ञानाचा, प्रश्न अलीकडच्या काळात तीव्र झाला आहे. जुन्या गाडीचे वर्कशॉप मॅन्युअल हे आप्तवाक्य. गाडी ज्यांनी घडवली त्यांनीच ते लिहिले, आणि त्यांच्या जाणतेपणावर शंका घ्यायचे कारण नाही. पण त्यांच्यासमोर पेट्रोल होते ते त्या काळचे. भारतात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे देशभरातले सरासरी प्रमाण २०२२ मध्ये १० टक्क्यांवर पोचले आणि २०२३ पासून २० टक्क्यांचे पेट्रोल विक्रीला येऊ लागले. शुद्ध इथेनॉल ७८ अंशांना उकळते, म्हणजे पेट्रोलच्या हलक्या घटकांपेक्षा बरेच उशिरा. यावरून मिश्रणही उशिरा उकळेल असे वाटते, पण घडते उलटे. मूळ पेट्रोल तेच ठेवून १० टक्के इथेनॉल घातले तर ३७.८ अंशांना मोजलेला बाष्पदाब सुमारे ७ किलोपास्कलने चढतो. इथेनॉल आणखी वाढवले तर ही चढ हळूहळू ओसरते. सर्वसाधारण साम्यावरून केलेले सामान्यतोदृष्ट अनुमान कसे फसू शकते याचे हे चांगले उदाहरण आहे. त्यात इथेनॉलने जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचे पडदे फुगतात, चिरतात, आणि पेट्रोल ओढण्याच्या बाजूला खरोखर हवा शिरू लागते. म्हणजे ज्या गाडीत आधी फक्त वाफ होती, तिथे आता ‘एअर धरली’ हे मतही अंशतः खरे ठरू शकते. जेट जुन्या पेट्रोलच्या हिशेबाने कापलेले असल्यामुळे मिश्रण पातळ होते. मॅन्युअलमधली वाक्ये खोटी झालेली नाहीत. ज्या पेट्रोलविषयी ती होती ते पेट्रोल आता नाही.

उपाय ठरल्यावर त्याची परीक्षा घ्यायची तीही याच क्रमाने. टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप बसवला तर पेट्रोल ओढण्याऐवजी ढकलले जाते, पाइपातला दाब वातावरणापेक्षा वर राहतो आणि उकळणे लांबते. तापलेले पेट्रोल आणि वाफ परत टाकीत नेणारा पाइप जोडला तर पाइपात पेट्रोल साचून तापत नाही. बेकेलाइटचे पॅकिंग आणि पत्रा कार्बोरेटरकडे येणारी उष्णता अडवतात. यांतले एक करायचे, मग दुपारी अर्धा तास गाडी चालवायची, बोनेट न उघडता पंधरा मिनिटे उभी करायची आणि सुरू करून पाहायची. नंतर चढण. सुरू झाली आणि चढली, की अन्वय मिळाला. व्यतिरेकासाठी तेच पॅकिंग काढून, तशाच उन्हात, त्याच चढणीवर गाडी पुन्हा बंद पडते का ते पाहावे लागेल. दुरुस्त झालेली गाडी मुद्दाम बंद पाडायला गिऱ्हाईक तयार होत नाही. म्हणून बहुतेक गॅरेजांत निदान अन्वयापाशीच थांबते, आणि पॅकिंगने गाडी सुधारली की त्या आठवड्यात ऊन उतरले होते, हे पुढच्या मे महिन्यापर्यंत खुले राहते.